घरमालकीणबाईंचा माच

आज माझी लेक अंगणात पोरींशी भांडते आणि तिच्या आवाजानं शेजारणी वैतागतात, ते सारं कुरखेड्याच्या आमच्या घरमालकीणबाईंमुळं, हे आधीच सांगून टाकते. लिहिता लिहिता राहून गेलं तर जिवाला लागून राहील. माझी शाळा पाचवीत सुटली, त्यामुळं लिहिण्यात थोडं मागंपुढं होईल. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगते, पाऊस इतका मनावर घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लोक पावसाळ्याची तयारी पावसाळ्याच्या तोंडावर करतात. बाईंची तयारी होळीची राख गार व्हायच्या आत सुरू व्हायची, आणि दिवाळी झाली, आता तरी टेकतील, असं वाटावं तर त्या म्हणायच्या, "औंदाचा गेला. आता पुढच्याचं पाहा लागते."

मी आटपाडीकडची. आमच्याकडं पाऊस आलाच तर उंबऱ्यातूनच हालहवाल विचारून परत जातो. यांना लाकडाच्या डेपोवर ट्रकचं काम मिळालं म्हणून लग्नानंतर मी एकदम जंगलाच्या मुलखात आले, तेही आईनं दिलेलं ज्वारीचं पोतं सोबत घेऊन. आमच्याकडं ज्वारी पेवात राहते, जमिनीत खोल खड्डा करून, आणि वर्षं गेली तरी तिला काही होत नाही. मग मीही पहिल्याच आठवड्यात बाईंच्या घरात भाड्यानं घेतलेल्या खोलीचा कोपरा धरून खणायला बसले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काऊन वं, कोनाले गाडून राह्यली?" मी म्हटलं, ज्वारी. त्या खाली बसल्या, खड्ड्यातली मूठभर माती घेऊन गालाला लावली. कुठल्याही वस्तूची ओल त्या बोटांनी नाही, गालानं बघायच्या. "आमच्या इथी पानी वरून कमी अन् खालून जास्त येते, पोरी. जमिनीत ठेवशीन तर आखाडात तुह्या घरात शेत उभं राहीन. इथी सारं वर ठेवा लागते. वर." आणि त्यांनी बोट आढ्याकडं केलं, जणू तिथं देव बसलाय.

देव नव्हता, माच होता. त्यांच्या चुलीच्या वर, छपराच्या खाली, बांबूचा एक रुंद तराफा दोरांनी बांधलेला. वर्षानुवर्षांच्या धुरानं तो असा काळा आणि चकचकीत झाला होता की नवख्याला तो लोखंडी वाटावा. नवरा जिवंत असताना दोघांनी मिळून तो बांधला होता म्हणे, आणि तेव्हापासून त्या घरावर खरं राज्य माचाचंच होतं. उन्हाळ्यात तो निम्मा रिकामा असायचा. रोहिणी लागल्या की सारं घर एकेक करून वर चढायला लागायचं, आणि कोण कुठं बसणार ते ठरलेलं. मिठाचं मडकं बरोबर जाळाच्या डोक्यावर, कारण "मीठ मोठं रडकं असते, त्याले उबेत ठेवा लागते." त्याच्या शेजारी मिरच्या, मग वड्या, मग मोहफुलांची टोपली, आणि सुकी मासोळी पार टोकाला, "तिचं कोनाशीच पटत नाई" म्हणून. गोधड्या कडुलिंबाचा पाला घालून मधोमध. काडेपेट्या तांदळाच्या डब्यात पुरलेल्या. पश्चिमेच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीरसुद्धा त्या आधी कपाळाला आणि मग गालाला लावून मधल्या भिंतीवर आणायच्या, कारण झड पश्चिमेकडून मारते. माणसंही त्या याच मापानं मोजायच्या. हे एकदा डेपोतल्या साहेबाची बोलणी खाऊन गप्प बसले होते, तर मला हळूच म्हणाल्या, "तुहा नवरा सादळलेला दिसते वं. त्याले चुलीजोळ बसव, चहा दे."

छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला माणूस यायचा तेव्हाचा सोहळा तर बघण्यासारखा. बाई खाली चटईवर उताण्या निजायच्या, हातात लांब काठी. कुठं उजेडाचा ठिपका दिसला की खालून ठोकायच्या. "भाऊ, इथी सूर्य येऊन राह्यला." वरचा माणूस वैतागायचा. "येऊ दे न बाई, सूर्यच तं आहे." "सूर्य ज्या रस्त्यानं येते, त्याच रस्त्यानं पानी येते. बुजव." दुपार टळेपर्यंत हे चालायचं, आणि तो माणूस जाताना मला म्हणायचा, "पुढच्या वर्षी यायच्या घरी मी नाई येत." पुढच्या वर्षी तोच यायचा.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या साली मला दिवस गेलेले. आईकडं जायचं ठरत होतं, पण मी अंगानं अशक्त, एवढा लांबचा प्रवास नको म्हणून राहिले. झड लागली. झड म्हणजे काय ते मला तोवर कळलं नव्हतं. पाऊस जोरात नसतो, पण थांबतच नाही, आणि घरातलं पीठ, पदर, उशी, सगळं जड होत जातं. नाल्याला पूर आला, हे ट्रकसकट पलीकडं अडकले. त्यातच माझी लेक वेळेआधी झाली. मुठीएवढी. सुईण म्हणाली, "खोली गरम ठेवा. धूर नोको. हे लेकरू गार पडलं तं काही खरं नाई." आणि निघून गेली, तिला दुसरीकडं जायचं होतं.

बाईंचं कोरडं सरपण एका घराच्या हिशेबानं साठवलेलं. आता दोन चुली, त्यातली एक अखंड जळणारी. ते संपलं. शेजारून आणलेली लाकडं ओली. नुसता धूर, जाळ नाही. लेक खोकायची, मग खोकणंही थांबायचं, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. तिचे पाय माझ्या हातात गारच. मी रडत होते. बाईंनी तिला उचललं, गालाला लावलं. मग लेकीला माझ्या कुशीत दिलं, आपल्या घरात गेल्या. मधल्या भिंतीला दार होतं, मला सगळं दिसत होतं.

त्यांनी माच रिकामा केला. मीठ, मिरच्या, वड्या, मोहफुलं, गोधड्या, सगळं खाली, ओलसर भुईवर. ज्या बाई मला पेटी भिंतीला टेकवू देत नव्हत्या त्यांनी मिठाचं मडकं कुठं ठेवलं ते बघितलंसुद्धा नाही. स्टुलावर चढून विळ्यानं दोर कापले. मी पडल्या पडल्या म्हटलं, "बाई, नको." त्या म्हणाल्या, "घरात याच्याहून कोरडं काही आहे का? सांग, असन तं तेच आनतो." अख्खा बांबू जाळात फुटतो म्हणून एकेक पेर चिरून त्यांनी माझ्या चुलीत घातलं. त्या काळ्या बांबूचा जाळ कसा लागला म्हणून सांगू, धूर नाही, ठिणगी नाही, नुसती ऊब. त्या चुलीशी बसून राहिल्या, जाळ बारीक ठेवत, जितका हवा तितकाच. माच पुरता संपायच्या आत लेकीचे पाय गरम झाले आणि तिनं पहिल्यांदा खणखणीत रडून घर डोक्यावर घेतलं. "हं," बाई म्हणाल्या, "आता हे कोरडं झालं."

मीठ गळून गेलं. मिरच्यांना बुरशी आली, मोहफुलांचा आंबूस वास घरभर झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, माच जुना झाला होता, काढायचाच होता. ते खोटं होतं. हे परत आल्यावर म्हणाले, मी उद्याच बांबू आणतो. बाई म्हणाल्या, पावसाळ्यातला बांबू नको, त्याला घुण लागते, कीड पोखरते, थंडी पडू द्या. आम्ही थंडीची वाट बघत राहिलो. आणि थंडी पडायच्या सुमाराला यांचं काम चंद्रपूरला हललं, दोन दिवसांत निघावं लागलं. बसपर्यंत बाई आल्या. माझी पेटी गालाला लावून बघितली आणि म्हणाल्या, "तिकडं बी भुईवर ठेवू नोको." एवढंच. मला वाटत होतं त्या माचाचं काही बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुरखेड्याहून ट्रक येतात, ड्रायव्हर सांगतात. गेल्या पावसाळ्यात कुणी सांगितलं, माच अजून नाहीच, बाईंनी आपली खाट सामानाला दिली आणि स्वतः खाली निजल्या, खोकला लागला होता. त्या दिवसापासून मला इथं पंख्याखाली बसवत नाही. यांना सुट्टी नाही, मला एकटीला निघायचा धीर होत नाही, असं करत साल सरतंय. पण मी ठरवलंय. हा हिवाळा लागला की लेकीला घेऊन कुरखेड्याला जाईन, बांबू बघून निवडून घेईन, दोर वळेन, बाईंना चटईवर बसवून त्या सांगतील तसाच नवा माच बांधेन. आणि त्याला धूर बसेपर्यंत दर उन्हाळ्याला जाऊन त्यांचं सगळं घर माझ्या हातानं वर चढवेन. त्या नको म्हणतील. म्हणू देत.