कुपवाडभर वाजणारे आमचे साडू

कॉम्प्युटरचा विसरभोळेपणा दुरुस्त करणारा माणूस स्वतः किती विसरू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने एकदा आमच्या साडूंना बघावं. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत असं ऑफिस सापडणार नाही, जिथे त्यांनी कारकुनाला ‘सरका जरा’ म्हणून खुर्ची बळकावलेली नाही. प्रिंटर, वायर, नेट ही कामं ते पोटापुरती करतात. जीव मात्र मेल आणि कॅलेंडरातल्या आठवणींवर. मालाची गाडी अकराला येणार म्हणून कोणीतरी पावणेअकराची आठवण लावलेली असते, ती वाजत नाही, गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर तोंडाचा पट्टा सोडतोय, अशा वेळी साडूंना फोन जातो आणि ते स्कूटरवरून हजर होतात. येतात ते थेट मशीनसमोर बसतात, डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून. एकदा आमच्याकडे ते हेल्मेटसकट अर्धा कप चहा प्यायले. ‘आवं, ते तरी काढा,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘घातलंय व्हय? मला वाटलं, आज डोकं का जड हाय!’

त्यांची तपासणी जुन्या वैद्यासारखी. मशीनला हात लावण्याआधी माणसाची नाडी बघणार. लेथ वर्कशॉपवाल्या चाचांचं दुखणं असं होतं, की पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुपारच्या बैठकीचं बोलावणं पाठवलं की ते चाचांच्या कॅलेंडरात मध्यरात्रीनंतर जाऊन बसायचं. दोन जाणकारांनी मशीन पुसून पुन्हा भरलं, गुण नाही. साडूंनी आधी चहा घेतला, चाचांच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातलं बघितलं. म्हणाले, ‘चाचा, मशीन हितं बसलंय, पण मन अमेरिकेत हाय त्याचं. तिकडच्या येळेवर चाललंय. पोरगं परदेशी गेलं की आईचं हुतं तसं.’ चाचांचा थोरला मुलगा दुबईत. ते आधी हसले, मग म्हणाले, ‘व्हय गड्या, आमच्या घरात बी तसंच हाय.’ साडूंनी वेळ बदलून दिली आणि चाचांना तिथल्या तिथे मुलाला फोन लावायला लावला.

एका फाउंड्रीत तर मशीन स्वतःच कबूल करत होतं, की नोंद भलत्या कप्प्यात असल्यामुळे आठवण दिली जाणार नाही. तो संदेश तिथल्या बाई वर्षभर वाचून बंद करत होत्या. साडूंनी त्यांना समजावलं, ‘बाई, दुधाची चिठ्ठी तुमी दाराला लावता का पिठाच्या डब्यात ठेवता?’ आणि नोंदी उचलून मुख्य कॅलेंडरात टाकल्या.

पण या विद्येला एक विचित्र तत्त्व चिकटलेलं होतं. दुरुस्ती झाली की आठवण वाजते का बघायला इतर लोक ‘चाचणी’ असं काहीतरी लिहितात. साडूंना ते पटत नाही. ‘खोट्या कामाची आठवण मशीन मन लावून देत न्हाई,’ असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते दर वेळी स्वतःचं खरंखुरं काम टाकणार. आणि दुरुस्ती झाली की ते पुसायला विसरणार. परिणामी आमच्या साडूंचा सगळा संसार गिऱ्हाइकांच्या मशीनवर विखुरलेला. चाचांच्या पडद्यावर ‘आईचा चष्मा आणणे’, फाउंड्रीत ‘कुकरचं झाकण दुरुस्तीला टाकणे’, आणि माझ्या, म्हणजे पंपाचे भाग पाठवणाऱ्या आमच्या डिस्पॅच खात्याच्या, मशीनवर ‘पाव्हण्यांकडनं शिडी परत आणणे’. खाली मशीन बजावत होतं, एकतीस आठवडे उशीर. शिडी माझ्याकडे होती. पडद्यावर ती खिडकी रोज उघडायची आणि मी रोज शरमून ती बंद करायचो.

साडूंकडे बटणांचा जुना फोन. त्यात आठवण लावायची सोय होती, पण ‘सुतारानं स्वतःच्या घरची खुर्ची कवा केलीय?’ असं म्हणून ते हात झटकत. गरजही पडत नव्हती. आठवण वाजली, की ज्याच्या मशीनवर ती असेल तो माणूस फोन करायचा. ‘आवं, आईचा चष्मा!’ असं चाचा ओरडले की साडू स्कूटर वळवायचे. असं सगळं बरं चाललं होतं, आणि आम्ही सगळे त्यावर हसत होतो.

मग ते झालं. साडूंची लेक पोलीस भरतीसाठी जीव तोडून पळत होती. रोज संध्याकाळी मैदानावर, पायांत जुने बूट, आणि डोळ्यांसमोर खाकी वर्दी. एके दिवशी साडू माझ्या मशीनवरून विट्याच्या एका गृहस्थाचा कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. त्या गृहस्थाचं सोनं गाळायचं दुकान तिकडे तमिळनाडूत, कोइमतूरला. इथे बसून तिथलं मशीन चालवायचं, हा साडूंचा आवडता खेळ. काम झालं आणि सवयीने त्यांनी खरं काम टाकलं. ‘लेकीचा भरतीचा फॉर्म भरणे, शेवटचा दिवस.’ मी शेजारी बसून ते वाचलं. वाचलं आणि माझ्या पार्सलांत गुंतलो. त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

आठवण अगदी वेळेवर वाजली. फक्त कोइमतूरला. मालक गावच्या जत्रेला विट्यात आलेला, आणि दुकानात बसलेल्या कामगाराला मराठी येत नव्हतं. त्याने ती खिडकी बंद केली. फॉर्म राहिला आणि पोरीचं वर्ष गेलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘पप्पा, तुमी लोकांच्या आठवणी दुरुस्त करा. माझं मी बघीन.’ दुसऱ्या दिवशी साडू माझ्याकडे आले तेव्हा हेल्मेट हातात होतं. ‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘मशीनचा दोष असता तर मी काढला असता.’

साडूंनी आपल्या जुन्या नोंदी पुसल्या आणि त्या वर्षी एकाही मशीनवर स्वतःचं काम टाकलं नाही. नाइलाजाने ‘चाचणी’ असं लिहायला लागले, आणि कुपवाड एकदम मुकं झालं. चाचा मला म्हणाले, ‘चष्म्याची याद येत न्हाई तर करमत न्हाई रं.’ फक्त माझ्या मशीनवर त्यांनी एक नोंद लावली, रोजची, पावणेसहाची. ‘लेकीला मैदानावरून आणणे.’ मैदान आमच्या गेटपासून जवळ. ती वाजली की मी फोन करायचो, ते ‘निघालो’ म्हणायचे आणि सहाच्या ठोक्याला मैदानाच्या फाटकाशी उभे असायचे. लेक मागच्या दांडीला धरून बसायची. चारेक महिन्यांनी मी त्या दोघांना जाताना पाहिलं, तेव्हा तिचा हात बापाच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या वर्षी फॉर्म तिने स्वतः भरला. पळायच्या परीक्षेला साताऱ्याचं मैदान मिळालं. तारीख कळली त्या दिवशी साडू सकाळी घराबाहेर पडले आणि एकेका ऑफिसात गेले. या वेळी दुरुस्तीला नाही. प्रत्येक टेबलासमोर उभं राहून या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, ‘एवढी एक आठवण माझी ठिवाल काय?’ नाही कोण म्हणणार! चाळीसेक मशीनवर एकच ओळ बसली. ‘लेकीला साताऱ्याला नेणे.’

आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता कुपवाड वाजायला लागलं. साडूंच्या त्या बटणांच्या फोनला उसंत मिळेना. फाउंड्रीतल्या बाई, पॅकिंगवाले, बॉयलरवाले, सगळ्यांचं एकच, ‘आवं, निघाला न्हाई व्हय अजून?’ चाचांनी फोनवर भागवलं नाही, ते मोटारसायकलवरून घरीच गेले आणि पोरीला खजूर देऊन म्हणाले, ‘बेटा, पळताना मागं बघू नगंस.’ बापलेक दुपारच्या एसटीनेच साताऱ्याला पोचले.

सकाळी पोरगी आत गेली आणि साडू फाटकाबाहेर उभे राहिले. तेवढ्यात फोन आला. कोइमतूरहून, तिथेही साडूंनी फोनवर विचारून तीच ओळ ठेवायला सांगितली होती. ‘ह्या येळेला मी सोता बसलोय बघा मशीनसमोर,’ विट्याचा तो गृहस्थ सांगत होता. ‘काल बी वाजलं, आज बी मी परत लावलं. पोरगी पोचली का?’ साडू ‘पोचली’ म्हणाले आणि फोन ठेवायचाच विसरले. हे मला त्यांनीच सांगितलं.

निवड झाली. पोरगी आता प्रशिक्षणाला आहे, लांब. मैदान तिथेच आहे आणि माझ्या मशीनवरची पावणेसहाची नोंदही. मागच्या महिन्यात साडू आमचा मेल दुरुस्त करायला आले होते, हेल्मेट घालून, तेव्हा मीच म्हटलं, ‘ही आता काढून टाका की.’ त्यांनी माउसवर हात ठेवला. तसाच उचलला. मग म्हणाले, ‘चालू हाय न्हवं? चालू मशीनला हात लावू नये. दिवाळीला येणार हाय ती. यष्टी सहाला लागती म्हणं.’

मग मीही काढली नाही. रोज पावणेसहाला खिडकी उघडते, आणि मी साडूंना फोन लावतो. आता मैदानावर आणायला कोणी नाही, हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. पलीकडून आवाज येतो, ‘व्हय व्हय, निघालोच.’ दहा मिनिटांत स्कूटर आमच्या गेटशी येते, आणि आम्ही दोघं मैदानासमोरच्या गाड्यावर चहा घेत पळणाऱ्या पोरी बघत बसतो.