साडूंचं फिरतं पिंप

आमच्या साडूंइतका पितळेवर जीव लावणारा माणूस अख्ख्या यॉर्कशायरात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असेल. मीही त्यांच्या हाताखालून गेलो आहे, पण माझी सुरुवात फजितीने झाली. साडू निवृत्त झाल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच लंडनजवळच्या पिनरहून लीड्सला त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. सकाळी चहा झाला आणि गराजमधून त्यांची हाक आली, "धाकटे, रिकामे असाल तर टिकल्या काढायला घ्या. त्या काढल्याशिवाय आंघोळ नाही." धाकटे म्हणजे मी, धाकट्या बहिणीचा नवरा. दुसऱ्याच्या घरी आंघोळीचे नियम वेगळे असू शकतात, असं म्हणून मी निमूटपणे बाथरूममध्ये गेलो. तिथल्या आरशावर ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, टिकल्यांचं मोठं प्रदर्शन भरलेलं होतं. लाल, मरून, लांबट, खड्यांच्या. मी त्या आधी नखाने आणि मग लायब्ररीच्या कार्डाने खरवडून काढल्या, टिश्यूवर ओळीने मांडल्या आणि गराजमध्ये नेऊन साडूंच्या पुढे धरल्या. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"ह्या कुणाच्या?"

"ताईंच्या."

"तिला विचारलंत?"

"तुम्हीच म्हणालात."

त्यांनी माझ्यासमोर एक टोपलं सरकवलं. त्यात बोटाएवढ्या, काळवंडलेल्या पितळी नळ्या होत्या. वर्तमानपत्रात 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं येतं, त्या पुंगळ्या. प्रत्येकीच्या बुडाशी एक बारीकशी वापरलेली चकती होती. लहानपणी दिवाळीत पिस्तुलात घालायच्या टिकल्या मिळायच्या, त्यांची ही थोरली बहीण. एका छोट्या दांड्याच्या यंत्राने ती खाली पाडायची आणि मग पुंगळीची आंघोळ. ताईंना हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्यातल्या दोन अजून चिकटत होत्या हो."

साडू हे पेशाने भूलतज्ज्ञ. लीड्सच्या एका मोठ्या इस्पितळात आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि, ते आवर्जून सांगतात, पुन्हा उठवलं. निवृत्तीनंतर ते घरात ताईंचे मसाल्याचे डबे अकारविल्हे लावू लागले, तेव्हा ताईंनी त्यांना काहीतरी बाहेरचं करा म्हणून बजावलं. ताईंच्या डोळ्यांपुढे बागकाम किंवा गोल्फ होतं. साडू रायफल क्लबात गेले. रीतसर परवाना झाला. पोलीस घरी येऊन लोखंडी कपाट, कुलूप आणि ताईंचे बेसनलाडू तपासून गेले. आता झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरता येते, आणि क्लबातले बरेच लोक तसं करतातही. पण भरण्याआधी ती साफ लागते. बाकीचे लोक ती फडक्याने पुसतात, नाहीतर भुशात घोळवतात. साडूंना पुसणं मान्य नाही. "ऑपरेशन थिएटरात हत्यारं पुसून घेतात का?" ते विचारतात.

म्हणून त्यांनी ते पिंप घेतलं. डब्याएवढं, रबरी अस्तराचं, दोन फिरत्या रुळांवर आडवं पडून गरगरणारं. त्यात टिकल्या काढलेल्या पुंगळ्या घालायच्या, वर शेवयांच्या तुकड्यांएवढ्या स्टीलच्या बारीक सुया ओतायच्या, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थेंब, आणि सगळ्यात शेवटी लिंबूसत्त्व. लिंबूसत्त्वाचं माप म्हणजे एक छोटी पुंगळी, सपाट भरलेली. शीग नाही. शीग चढली तर ते बोटाने खाली उतरवतात. मग झाकण घट्ट लावून बटण. आवाज असा येतो की शेजारी कुणी डब्यात खडे भरून झोपाळ्यावर बसलं आहे. ताईंना आता त्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही. पिंप थांबलं की दचकून उठतात आणि विचारतात, "अहो, बरं आहे ना?"

आणि पिंप फिरत असेपर्यंत साडू त्याच्याजवळून हलत नाहीत. खुर्ची टाकून बसतात. मी एकदा म्हटलं, डॉक्टर, यंत्र आहे ते, फिरेल त्याचं त्याचं, आत चला, भजी गार होताहेत. तर म्हणाले, "सर्जन येतो, जातो, फोन घेतो. भूल देणारा उठत नाही." भजी शेवटी गराजमध्ये आली. दोन तासांनी ते पिंप उघडून काळंकुट्ट पाणी ओततात आणि आम्हाला दाखवतात. ते पाणी पाहिल्याशिवाय त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याची सुटका नाही. पुंगळ्या मात्र अशा निघतात की नव्या नवरीचे दागिने झक मारतील. त्या टॉवेलवर मांडून बॉयलरच्या उबदार कपाटात वाळत ठेवतात. त्याच कपाटात पाहुण्यांच्या उशांचे अभ्रेही असतात, त्यामुळे लीड्सला मुक्काम केला की कानाखाली काहीतरी टोचतं.

नेमबाजीत त्यांची प्रगती काय, हे विचारण्याची पद्धत नाही. महिन्यातून एकदा ते क्लबात जातात, थोड्या गोळ्या झाडतात आणि मग वाकून वाकून सगळ्यांच्या पुंगळ्या गोळा करतात. क्लबाचा सेक्रेटरी त्यांना 'डॉक, यू शूट टु वॉश' म्हणून चिडवतो. साडूंना त्याचं काही नाही. "नेम चुकला तरी पुंगळी मळतेच," ते मला म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण समाधान होतं. त्यांची नजरच आता तशी झाली आहे. कुणाच्या दारावर पितळी कडी दिसली की ते आधी कडीकडे बघतात, मग माणसाकडे. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी घोड्याच्या साजाच्या जुन्या पितळी चकत्या भिंतीवर लावल्या होत्या, त्या ह्यांनी मागून आणल्या आणि उजळून परत दिल्या. बाई 'लव्हली' म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी चकत्यांच्या जागी निसर्गचित्र लावलं.

ह्या पिंपाचं मनापासून कौतुक करणारी एकच व्यक्ती आमच्या कुटुंबात होऊन गेली, ती म्हणजे आमच्या सासूबाई. नागपूरहून त्या शेवटच्या आल्या, तेव्हा गुडघ्यांमुळे त्यांना फिरता येत नव्हतं. मुली आपापल्या कामात. मग त्या साडूंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसायच्या. दोघं तासन्‌तास त्या गरगरणाऱ्या पिंपाकडे बघत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "जावईबापू, ह्यात माझा तांब्या मावेल का?" तांब्या मावला नाही, पण पळी मावली, आणि पळी बाहेर आली ती पाहून सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर चिंचेने हात आंबवले मी." साडूंना आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांत हे वरचं. जाताना सासूबाईंनी चार पुंगळ्या फुलवाती ठेवायला म्हणून चिवड्याच्या डब्यात लपवल्या होत्या. साडूंना संशय आला, नाहीतर आमच्या सासूबाई विमानतळावर दहशतवादी म्हणून पकडल्या गेल्या असत्या. पुंगळ्या काढून घेताना साडूंनाच जास्त वाईट वाटलं.

सासूबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण आमच्याकडे पिनरला आला. अंगठ्याएवढा, पितळी, सासूबाईंच्याही आजीचा. इतक्या हातांनी घासून त्याचा चेहरा जवळजवळ सपाट झाला होता. डोळ्यांच्या जागी दोन अंदाज, तोंड तर नव्हतंच. माझी बायको त्याला घासताना चेहऱ्याला हात लावत नसे. "एवढंच उरलंय," ती म्हणायची, "हेही गेलं तर नुसता गोळा राहील." गोकुळाष्टमी एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष ताईंकडे, असं बहिणींनी ठरवलं होतं, आणि ह्या वर्षी बाळकृष्ण डब्यात कापसाची गादी घालून लीड्सला आला.

दुपारी बहिणी फुलं आणि दही आणायला गेल्या. जाताना बायको मला म्हणाली, "चिंच भिजवून ठेवली आहे. तेवढा हळूच घास. अंगच फक्त." मी गराजच्या दाराशी पाटावर बसून घासत होतो. साडू जवळ येऊन वाकले आणि म्हणाले, "धाकटे, त्याच्या मानेच्या घडीत किती साठलंय बघितलंत? बोट जात नाही तिथे तुमचं." मी म्हटलं, तिथे नाहीच जात. "आईंनी स्वतः घातला असता हा पिंपात," ते म्हणाले. मला पळी आठवली. मी बाळकृष्ण त्यांच्या हातात दिला. आता वाटतं, तेव्हा मी थोडा जास्त विचार करायला हवा होता.

पिंप अर्धा तास फिरल्यावर मी सहज म्हणालो, बायको त्याच्या तोंडाला फार जपते, आधीच झिजलंय. साडूंची मान माझ्याकडे वळली. "हे आत्ता सांगताय?" त्यांनी बटण बंद केलं. झाकण उघडलं, काळं पाणी ओतलं, चाळणीवर सगळं पालथं केलं. पुंगळ्या निघाल्या. बाळकृष्ण निघाला नाही. साडूंनी बाह्या वर सारल्या, सुयांच्या ढिगात हात घातला आणि डोळे मिटले. पेशंटची शीर सापडत नसली की भूलतज्ज्ञ कसे बोटांनी बघतात, तसे ते बघत होते. मी पिनरला परतायची एकट्याची ट्रेन कितीला असेल त्याचा विचार करत होतो.

"सापडला," ते म्हणाले, आणि मूठ उघडली.

बाळकृष्ण गुलाबी झाला होता. लाजल्यासारखा वगैरे नाही, चांगला कोळंबीसारखा गुलाबी. "आंबट जास्त झालं," साडू अगदी इस्पितळातल्या आवाजात म्हणाले. "वरचं जस्त निघालं आणि तांबं उघडं पडलं." पण तुम्ही तर सपाट माप घेता, मी म्हटलं. त्यांनी बाळकृष्ण टॉवेलने टिपला. "देव आहे म्हणून एक पुंगळी जास्त घातली. आईंचा आहे म्हणून आणखी एक." त्या माणसाच्या हातून मापात झालेली चूक मी तेवढीच पाहिली आहे.

मग आम्ही ताईंचा रांगोळीचा डबा काढला. कोरडी पांढरी रांगोळी फडक्यावर घेऊन पाठ, पोट, ढुंगण मी घासलं. चेहरा साडूंनी आपल्याकडे ठेवला. कान साफ करायच्या काडीवर रांगोळीचा कण घेऊन, श्वास धरून. गुलाबी हळूहळू जाऊन खालचा पिवळा दिसू लागला होता, तेवढ्यात घरापुढच्या ड्राइव्हवर गाडी वाजली. साडू उठून उभे राहिले. पेशंटच्या नातेवाइकांना भेटायला बाहेर येतात तसे दाराशी गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "तो बरा आहे. रंगात थोडा फरक पडला होता. चूक माझी आहे."

"भावोजी, कोण बरा आहे?"

त्यांनी बाळकृष्ण तिच्या हातावर ठेवला. ती तो घेऊन खिडकीपाशी गेली. ताई पिशव्या घेऊन तशाच उभ्या. बायकोने बोट त्याच्या मानेवरून फिरवलं, मग कपाळावरून. "मानेतलं गंध गेलं," ती म्हणाली. "आईने लावलेलं होतं ते. तिच्याआधीचंही असेल." माझ्या हातात अजून रांगोळीचं फडकं. मग ती म्हणाली, "ताई, इकडे ये. ह्याला तोंड आहे."

ताईंनी चष्मा शोधला, तो त्यांच्या डोक्यावरच होता. दोघी खिडकीत वाकल्या. डोळे होते, चांगले रेखीव. आणि खाली, जिथे आम्ही सगळे सपाट समजत होतो, तिथे बारीकशी कोरलेली जिवणी. ओठ किंचित विलग. झिजलं वगैरे काही नव्हतं. कितीतरी वर्षांची चिंच आणि गंध त्या खाचेत बसून घट्ट झालं होतं, एवढंच.

"हसतोय गं," ताई म्हणाल्या.

साडू खुर्चीत बसले. त्यांना पाणी दिलं तर त्यांनी ते आधी उजेडात धरून पाहिलं, सवयीने. रात्री पाळण्याची दोरी बहिणींनी त्यांच्या हातात दिली. ते आपलं पिंपाच्याच लयीत, एकसारखा पाळणा हलवत राहिले, आणि गाणं संपलं तरी थांबेनात.

दुसऱ्या दिवशी परतताना बायको बाळकृष्णाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, चिडली आहेस का.

"छे रे. मला इतकी वर्षं वाटायचं, आईने घासून घासून ह्याचं तोंड घालवलं. जीव भांड्यात पडला माझा." तिने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. "पण पुढच्या वर्षी चिंचेनेच घासू या. भावोजींच्या पिंपात ह्याच्या मानेतला एक कोपराही मळका राहत नाही. आईला बसायला कुठे तरी जागा हवी ना."