बालीत बाबांनी खालच्या शेताचं पाणी अडवलं

मंडळी, आत्ताच हॉटेलवर आलोय आणि हसू थांबत नाहीये.

आज आईबाबांना बालीतल्या जातिलुविहची भातशेती दाखवायला नेलं. डोंगरभर हिरव्यागार पायऱ्या! तिकीट काढताना बाबा म्हणाले, "भात बगायला तिकीट? सोनिवलीत आपला भात कुनी फुकट पन बगला नाय!"

पुढे एका बांधाला त्यांना फट दिसली. "आरं, पानी फुकट चाललाय!" म्हणत पँट दुमडून ते थेट चिखलात उतरले आणि टाचेने माती दाबून फट बुजवली.

शेतकरी धावत आला. मला वाटलं, आभार मानेल. त्याने हसत हसत फट पुन्हा उघडली. गाईड म्हणाला, "इथले शेतकरी शेकडो वर्षं पाण्याच्या देवळात जमून पाळी ठरवतात. आज खालच्या शेताची पाळी आहे."



आमच्या गावी, सोनिवलीत, आमचं शेत वर होतं आणि तात्याकाकांचं खाली. बाबा असंच पाणी अडवायचे आणि त्यावरूनच दोघा भावांचं बोलणं तुटलं. आता दोन्ही शेतांवर मिळून एकच बिल्डिंग आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर, काका बरोबर खाली तिसऱ्यावर. तरी बोलणं बंदच.

बाबांनी तिथूनच मला काकांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. "तात्या, माझा चुकला रं."

 काका म्हणाले, "आता पानी सोडतंस व्हय? आता खाली माझा बेडरूम हाय!"

खरं सांगा, तुम्ही कुणाचं पाणी अडवून बसलाय?