साडेतीन बोटे औषध

माणूस जातो, पण त्याचे कार्य मागे उरते, असे शोकसभेत चारही वक्त्यांनी सांगितले. ते खरे असावे. नागनाथअप्पांच्या मागे साडेतीन बोटे व्हिस्की उरली. मी मोजून सांगतो आहे.

अप्पा गेल्याला आता महिना होऊन गेला. निजामी गेली तिला तर चार महिने झाले. दोन्ही गोष्टींची सवय व्हायला हवी होती, पण निजामीची झाली आणि अप्पांची होत नाही. हे लिहायला बसल्यापासून मी तीन वेळा उठलो. एकदा खिडकी लावली, एकदा उघडली, आणि तिसऱ्यांदा कशाला उठलो ते विसरून परत बसलो.

बातमी सरूबाईने आणली. सरूबाई गवळण, अप्पांचे घर आणि माझे घर एकाच गल्लीच्या दोन टोकांना, आणि दोन्हीकडे दूध तिचेच. मध्ये एक आड, एक पिठाची गिरणी आणि फार तर दीडशे पावले. त्या शुक्रवारी सकाळी ती दाराशी आली, पण चरवी खाली ठेवली नाही. "मास्तर," ती म्हणाली, "आज आप्पाकडं दूध घेतलं न्हाय." मी काहीतरी विचारले असेन. ती म्हणाली, "म्या म्हनलं हुतं की तुमाला."

ती काय म्हणाली होती ते पुढे येईल. आधी बाटलीचे सांगितले पाहिजे.

अप्पा मूळचे माकणीकडचे. धाराशिवच्या बाजारात त्यांचे घोंगड्यांचे दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू, असा त्यांचा दिवस जाई. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि ओठांवर एक असे हसू की गिऱ्हाईक घोंगडी परत करायला येई आणि आणखी एक घेऊन जाई. मी सरकारी शाळेत गणित शिकवत असे, तेही उर्दूतून. घरी मराठी बोलणारी पोरे माझ्याकडे येऊन त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायला शिकत आणि घरी जाऊन विसरत. तेव्हा आम्हा दोघांत समान असे काही नव्हते. समान होती ती सर्दी. पौषात वारे सुटले की आम्हा दोघांची नाके एकाच आठवड्यात बंद पडत.

नऊ वर्षांपूर्वी हैदराबादहून एक बडा अंमलदार दौऱ्यावर आला. त्याच्यासाठी मांडव घातला होता. मानपत्र लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर चांगले आणि तक्रार करायची हिंमत कमी. पांघरायला उत्तम घोंगडी द्यायचे काम अप्पांकडे. मी 'आफताब' आणि 'माहताब' हे शब्द प्रत्येकी तीनदा घातले होते. पहिला आफताब उच्चारताच साहेब शिंकले. दुसऱ्याला पुन्हा. मग ते थांबेचनात. मागे उभे असलेले सगळे अधिकारी प्रत्येक शिंकेला किंचित वाकत होते. अखेर अप्पा उठले, आणि घोंगडी समारंभाने अर्पण करायच्या ऐवजी त्यांनी ती सरळ साहेबांच्या डोक्यावरून गुंडाळली, धनगर पावसात घेतात तशी. मांडव गार पडला. साहेब मात्र आतून म्हणाले, "शाबाश!"

संध्याकाळी साहेबांच्या खानसाम्याने अप्पांच्या दुकानात एक बाटली आणून दिली. अर्धी भरलेली, विलायती. "दो चमचे, गरम पानी में. सुबह सर्दी गायब," एवढे सांगून तो गेला. अप्पांनी बाटली दोन बोटांत धरून, विंचू धरावा तशी, माझ्याकडे आणली. "मास्तर, हे औषध हाय म्हणे. माझ्या दुकानात कसं ठेवू? बसवण्णाच्या तसबिरीखाली?"

मग आमचा करार ठरला. त्या काळात बड्या माणसाला पडसे झाले तरी गावातले प्रतिष्ठित लोक मिजाजपुर्सीला, म्हणजे प्रकृतीची विचारपूस करायला, जात. अचकन घालून जात, तासभर बसत, आणि आजाऱ्याला उठून बसावे लागे. आम्ही ठरवले की आपल्यात हे नको. कोणी कोणाकडे यायचे नाही. आजाऱ्याकडे बाटली जाईल आणि तिच्यासोबत चिठ्ठी. बरा झाला की त्याने बाटली जपून ठेवायची, दुसऱ्याचे नाक वाहेपर्यंत. बाटली तीच राहिली. आतले औषध संपले की घोंगड्यांच्या गठ्ठ्यातून, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून, बार्शीहून नवे येई. नाक्यावरच्या कारकुनाला बारा महिने सर्दी असे.

चिठ्ठ्या दरबारी थाटाच्या असत. 'हुजूरांच्या नासिकेवर आलेले संकट ऐकून बंदा बेचैन आहे', असे मी लिहिणार. 'सल्तनतीचे गणित आपल्या एका शिंकेने चुकले', असे अप्पांचे उत्तर. शेवटी कृती. माझी कृती साधी: दोन चमचे, गरम पाणी, डोळे मिटणे. अप्पांची दर वर्षी वाढत गेली. आधी सुंठ आली, मग काळा गूळ, मग चार मिरे, मग गवती चहा, आणि एका वर्षी 'पिताना तोंड पूर्वेकडे असावे'. मी कळवले की व्हिस्कीत गूळ घालणे हा दोघांचाही अपमान आहे. त्यांनी कळवले की गणित शिकवणाऱ्याने चवीबद्दल बोलू नये. स्वतः ते चवीबद्दल कधी एक अक्षर लिहीत नसत. तो मला त्यांचा संयम वाटे. बाटलीतली पातळी पाहता मात्र संयम दिसत नसे. मला एका सर्दीला अर्धे बोट पुरे, त्यांना दोन लागत. मी तसे टोचून लिहिले. 'शरीर मोठे, सर्दी मोठी', एवढेच उत्तर आले.

चिठ्ठ्या सरूबाई नेई, आणि तिला हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. "दोगंबी जित्ते हाव नव्हं? मंग कागुद कशाला? घर का तुळजापुराला हाय?" ती विचारी. आणि वर, "ओवा भाजून फडक्यात बांधा, हुंगा. बाटल्या कसल्या फिरवताव, बामन आन् वानी असून!" अप्पा तिला म्हणत, "सरूबाई, तुज्या दुधात पाणी किती ते सांग, मग आमच्या बाटलीचं सांगतो." ती म्हणे, "दुधात पानी नसतं व्हय? म्हस काय वाळू पिती?"

गेल्या उन्हाळ्यात हसणे संपले. रझाकारांच्या भीतीने गाव अर्धे रिकामे झाले. बेंबळीकडून, तेरकडून रोज नवी बातमी येई आणि ती आधीच्यापेक्षा वाईट असे. मी घरच्या मंडळींना घेऊन हद्दीपलीकडे बार्शीला निघालो. अप्पा निघाले नाहीत. का, ते त्यांनी नीट सांगितले नाही. "घोंगड्यांना कसर लागती," म्हणाले. निघायच्या सकाळी ते गाडीपाशी आले. हातात कापडात गुंडाळलेली बाटली. "तुम्हाला सर्दी नाही, मला नाही," मी म्हटले, "नियमाप्रमाणे ही तुमच्याकडे राहायची." "राहू द्या हो नियम," ते म्हणाले. "तिकडं परमुलखात नेगडी झाली तर कोण इचारणार तुम्हाला?" नेगडी म्हणजे कानडीत सर्दी. घाबरले की ते कानडीत जात. मी त्या वेळी नुसता हसलो.

बार्शीत साडेतीन महिने मी रोज सकाळी उठून बाटली जागेवर आहे का ते पाही. सर्दी एकदाही झाली नाही. परतलो तेव्हा अप्पा दुकानाच्या पायरीवरच भेटले. अंग उतरले होते, गळ्याभोवती लिंगाची दोरी सैल दिसत होती. पहिला प्रश्न, "बाटली आणली?"

आणि आता तो आठवडा.

थंडी कडक होती. आम्हा दोघांनाही एकाच वेळी सर्दी झाली. बाटली माझ्याकडे. इकडे नव्या राज्याचे नवे साहेब शनिवारी शाळेला भेट देणार होते, आणि मानपत्र लिहायचे काम पुन्हा माझ्याकडे आले. अक्षर अजून चांगले होते. या वेळी मराठीतून. मी जुने मानपत्र काढून समोर ठेवले होते. आफताबच्या जागी सूर्य घालायचा, एवढेच काम. पण नऊ वर्षे ज्याची टिंगल केली ते गंभीरपणे लिहायला बसले की वेळ लागतो. मी तिसरी प्रत काढत होतो.

बुधवारी सरूबाईने अप्पांची चिठ्ठी आणली. तीत हुजूर नव्हते, सल्तनत नव्हती, सुंठही नव्हती. 'मास्तर, छाती भरली आहे. बाटली पाठवू नका. घेऊन या.'

मी ती वाचली आणि मला, खरे सांगतो, गंमत वाटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी लेखी नियम मोडला होता आणि मला त्यांना पकडता येणार होते. मी लिहिले: 'नियमभंग झाला आहे. आजाऱ्याने आजाऱ्याकडे जाऊ नये. बंदा सूर्याच्या सेवेत असून शनिवारी मोकळा होईल, तेव्हा बाटलीसह हजर होईल. तोवर पूर्वेकडे तोंड करून बसावे.'

सरूबाईने हात पुढे केला नाही.

"या बारीला कागुद नगं, मास्तर. तुमी सोता जावा."

"शनिवारी जातो ना."

"आप्पाचा दम निस्ता घरघरतुया. म्या ऐकलंय."

"अगं, मलाही सर्दी आहे."

"तुमची सर्दी नाकात हाय," ती म्हणाली. "त्येंची छातीत हाय."

तरी मी चिठ्ठी तिच्या हातात दिलीच. ती गेली. मी चौथी प्रत सुरू केली... दीडशे पावले. दारात उभा राहिलो असतो तर त्यांचे दार दिसले असते.

शुक्रवारी पहाटे अप्पा गेले. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांना बसवलेल्या स्थितीत मूठमाती दिली. मी पहिल्यांदा त्यांच्या सोप्यात शिरलो तो तेव्हा. शनिवारी नवे साहेब आलेच नाहीत. मानपत्र शाळेच्या कपाटात आहे.

डॉक्टरांना मी दोनदा विचारले, व्हिस्कीने काही फरक पडला असता का? न्यूमोनियाला व्हिस्की काय करणार, असे ते दोन्ही वेळा म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी माझी नाडी पाहिली.

शोकसभा व्यापाऱ्यांच्या धर्मशाळेत झाली. पहिले वक्ते म्हणाले, अप्पा निर्व्यसनी होते. दुसऱ्यांनी पुढे नेले: मद्याचा थेंब त्यांच्या ओठांना कधी शिवला नाही. तिसऱ्यांनी ओठांच्या जागी सावली घातली. मी मागे बसून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतो. एवढ्या सभेत खरे अप्पा ठाऊक असलेला मी एकटाच, असे मला वाटले, आणि त्या दुःखातही थोडे बरे वाटले. मोठ्या शब्दांवर विश्वास न ठेवण्याची सवय मला फार वर्षांची आहे.

पंधरा दिवसांनी मी बाटली घेऊन अप्पांच्या घरी गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. घरात ठेववत नव्हती. अप्पांच्या पत्नी नीलाक्का सोप्यात वाती वळत होत्या. "बन्नी, बन्नी, मास्तर," त्या म्हणाल्या, म्हणजे या. मी कापड सोडले. आता यांना काय सांगायचे, याची मनात जुळवाजुळव करत होतो.

"हे तर पायाचं औषध," त्या म्हणाल्या.

"पायाचं?"

"तळपायाला चोळायची मी. सर्दी झाली की. छातीला, तळपायाला. वाटीभर लागायचं. मोठे पाय त्यांचे."

"आणि... प्यायचे नाहीत?"

त्यांनी वाती खाली ठेवल्या. "अय्यो, गळ्यात लिंग हाय, मास्तर! तोंडाला कसं लावतील?"

"मग ती सुंठ? गूळ?"

"ते तुमच्यासाठी बसून इचार करून लिहायचे. मला इचारायचे, आणि काय घालू? गवती चहा मीच सांगितला."

म्हणजे शोकसभेतले पहिले तिन्ही वक्ते बरोबर होते. मग मी विचारायचे नव्हते ते विचारले. शेवटची चिठ्ठी पोचली का?

"पोचली की. सकाळपासून इथं चटई टाकून ठिवली होती, तुमच्यासाठी. मी म्हटलं, मास्तर येणार न्हाईत, कागद येईल. तर म्हणाले, या खेपेला येतील."

"वाचून काही बोलले?"

"हसले," नीलाक्का म्हणाल्या. "मग खोकला आला."

चटई अजून तिथेच होती. मी तिच्यावरच बसलो होतो. बाटली त्यांनी परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आता कोणाच्या पायाला लावू?

गेल्या आठवड्यात दोन दिवस दूध आले नाही. चौकशी केली तर सरूबाईला सर्दी. मी कागद पुढे ओढला, 'हुजूर' असे लिहिलेही, आणि मग उठलो, बाटली काखेत मारली आणि तिच्या गोठ्यापर्यंत चालत गेलो. गिरणीपासून पुढे, वेशीच्या बाहेर. दीडशे पावलांच्या पुष्कळ पुढे. ती घोंगडी पांघरून बसली होती, अप्पांच्याच दुकानची.

"कागुद कुठाय?" तिने विचारले.

"कागद नाही. मीच आलोय."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग बूच काढून वास घेतला आणि तोंड फिरवले. "ह्ये पेयाचं?"

"नाही," मी म्हटले. "तळपायाला चोळायचं."

मी तासभर बसलो. मिजाजपुर्सीला लागतो तेवढा. ती उठून बसली नाही. साडेतीन बोटांपैकी अर्धे बोट तिने स्वतःच्या पायांना लावले. उरलेली तीन म्हशीच्या छातीला चोळली, कारण म्हशीचेही नाक गळत होते. म्हैस दुसऱ्या दिवशी बरी झाली. बाटली सरूबाईने राखेने घासून ठेवून घेतली, आणि आमचे दूध आता तीतून येते. पाणी पूर्वीइतकेच असते.