वर दोर धरून कोण होतं?

"पयले त्या काळपाण्याच्या पोट्ट्याचं दप्तर पाहा," गुरुजी म्हणाले.

पाचवीत होतो मी. सुलतानपूरची शाळा. बाईंचं घड्याळ हरवलं होतं. भरलेला वर्ग, झडती माझ्या एकट्याची. दप्तर फरशीवर उलटं केलं. पुस्तकं, भाकर, ठेचा. घड्याळ नंतर नळाच्या कट्ट्यावर सापडलं. माझी पुस्तकं मीच गोळा केली.

काळपाणे हे आमचं आडनाव. बाबांच्या पणजोबाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अंदमानला नेलं, तो परत आलाच नाही. गावानं त्याचं आडनाव करून टाकलं. बौद्धवाड्यातलं आमचं घर म्हणजे चोराचं घर. बाबा शेवटी म्हणाले, "बदलून टाक बापू हे नाव. तुह्या पोरीले तरी नोको."

नाव बदलायचा अर्ज भरला. पण सही करायच्या आधी मला कळायला हवं होतं, त्या माणसानं केलं तरी काय. जिल्ह्याच्या जुन्या दफ्तरखान्यात गेलो.

"कोणाले मारलं होतं बे तुह्या आज्यानं?" कारकून हसत म्हणाला. मी गप्प बसलो. त्याची अजून लाज वाटते.

तीन खेपा घातल्यावर त्याच्या खटल्याची नक्कल मिळाली. मोडीतली. एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिली. दुष्काळात पाटलाचं पेव फोडलं. राखणदाराचं डोकं फोडलं. सोबत कोण होतं, विचारता आरोपी म्हणतो, मी एकटाच.

घरी येऊन बाबांना सांगितलं. जमिनीतली धान्याची पेवं त्यांनी तरुणपणी उपसलेली. ते ताडकन उठून बसले.

"येकटा? पेवातून जवारी येकट्यानं निंगते काय? खाली एकजण टोपलं भरते, वर दोघं तरी लागतेत दोर ओढाले!"

मग बाबा रडले. मला रडू आलं नाही. संताप आला. दोर ओढणारे घरी राहिले, त्यांची पोरं जगली. त्यानं एकाचंही नाव घेतलं नाही. आणि चोर आम्ही.

अर्ज फाडला. पोरीचं नाव शाळेत काळपाणे म्हणूनच घातलं, नीट लिहून घेतलं.

येत्या ग्रामसभेत ती नक्कल मी मोठ्यानं वाचणार आहे. गुरुजी आता म्हातारे झालेत, पहिल्या रांगेत बसतात. कुणी खाली बस म्हटलं तरी बसणार नाही. सगळ्या गावाला एकच विचारणार आहे: वर दोर धरून कोण होतं?