सहावी मिरची

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला आधी कान लागतो, हात नंतर. मशीनकाका गिऱ्हाइकाला म्हणायचे, "काही सांगू नका, नुसतं चालवून दाखवा." मग डोळे मिटून ऐकायचे. पट्टा सैल झालाय, सुई वाकडी बसलीय की घरात कुणाला वर्षभर तेल घालायची सवड झालेली नाही, हे त्यांना आवाजावरून कळायचं. चाळीस वर्षं हेच काम. बायकोचा विषय निघाला की मात्र मान ताठ करून सांगायचे, "तिच्या बाबतीत ऐकावंसुद्धा लागत नाही. मला तिचं सगळं कळतं."

त्यांना दुसरा कसलाच गर्व नव्हता.

बायको बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसायची, म्हणून सगळं गाव तिला चौकशीबाई म्हणे. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "गाडी कधी येईल?" असं कुणी विचारलं, की "आली की कळेल" हे उत्तर ठरलेलं. आणि जशी जीभ तसंच खाणं. स्वयंपाकघरात पेपर वाचता वाचता ती हिरव्या मिरच्या नुसत्या खायची, शेंगा खाव्यात तशा. काका पडले मिळमिळीत, भाजीतली मिरची दोन बोटांनी उचलून ताटाच्या कडेला ठेवणारे. ही जोडी कुणी जमवली, हा प्रश्न दोन्हीकडच्या नातेवाइकांनी शेवटपर्यंत एकमेकांवर ढकलला.

दरवर्षी बाजाराच्या मैदानावर मिरचीची जत्रा भरायची. मिरचीचे सॉस, मिरचीचे वेफर, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं मिरचीचं आइस्क्रीम, आणि दुपारी मोठ्या मांडवात खाण्याची शर्यत. एका ताटलीत चढत्या तिखटाच्या आठ मिरच्या. नियम असा, की खाणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचा एक माणूस दुधाचा पेला घेऊन उभा राहायचा. त्या माणसाने दूध पुढे ठेवलं की खाणारा बाद. म्हणजे कुठे थांबायचं ते मागच्याने ओळखायचं. त्याला सगळे दूधवाला म्हणत.

एकोणीस वर्षं काका दूधवाले होते. स्टीलचा पेला, माश्या बसू नयेत म्हणून वर झाकण. मागून त्यांना तिचा अंबाडा आणि दोन कान एवढंच दिसायचं. खूण ठरलेली होती. तिने उजवा कान पकडला की पुरे. दरवर्षी सहाव्या मिरचीला तिचा हात कानाकडे जायचा, काका पेला पुढे करायचे आणि ती एका दमात दूध संपवून म्हणायची, "हरले बाई." पहिला नंबर कधी आला नाही. घरी डझनभर मिरच्या सहज खाणारी बाई इथे सहावीला का अडते, याचं काकांना नवल वाटे. मग ते स्वतःची समजूत घालायचे, की गर्दीत बावरत असेल. चौकशीबाई आणि बावरणार! पण माणसाला सोयीचं ते पटतं.

गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घर खायला उठलं. काका दुकानातून मुद्दाम उशिरा निघायचे आणि घरी आल्यावर दोन कप चहा टाकून बसायचे. जत्रेच्या दिवशी जायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. दुपारी बघतात तर पेला घासून झालेला आणि दूध त्यात ओतलेलं.

मांडवात ते उगाच कडेला उभे राहिले. ओळखीच्या लोकांनी माना हलवल्या. बोलायला जवळ कुणी आलं नाही. नावं लिहून घेण्याच्या टेबलापाशी चष्म्याच्या दुकानात नव्याने लागलेली मुलगी वाद घालत होती.

"दूधवाला कुठून आणू? माझं या गावात कुणी नाही."

"मग नाव घेता येणार नाही, ताई."

"मी उभा राहतो," काका म्हणाले. आपण बोललो हे त्यांना स्वतःच्या आवाजानेच कळलं. "पुरे झालं की उजवा कान पकडायचा. एवढंच लक्षात ठेव."

"चालेल, काका. पण लवकर नका हं देऊ. मी भारी आहे."

शर्यत सुरू झाली. पुन्हा समोर दोन कान, मध्ये अंबाड्याऐवजी वेणी. तीन मिरच्या, चार, पाच. मुलीची मान लाल झाली, खांदे वर-खाली होऊ लागले. सहावी तिने तोंडात टाकली आणि तिचा हात उजव्या कानाकडे गेला. काकांनी झटकन पेला पुढे ठेवला.

"बाद!" समोर बसलेला पंच ओरडला. पंच म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर. बारा वर्षं तोच या खुर्चीत बसत होता.

मुलगी गर्रकन वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती रडत नव्हती, चिडली होती. "अहो काका, काय केलंत? मला उरलेल्या दोन्ही जमल्या असत्या!"

"तू कान पकडलास."

"पकडला कुठे? कानावर हात ठेवला! मागे ते झाकण किती वाजवताय मघापासून! खडखड, खडखड. डोकं उठलं माझं."

"झाकण?" काका म्हणाले. "कुठे वाजत होतं?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. झाकण अजून त्यांच्या मुठीत होतं आणि हात थरथरत होता.

डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून आला. "काका, पाचवीनंतर दरवर्षी वाजतं ते. पार माझ्यापर्यंत ऐकू येतं. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"बाईंना मी एकदा विचारलं होतं, की तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही, घाम नाही, मग तुम्ही थांबता का? तर म्हणाल्या, 'मागे झाकण वाजायला लागलं की मी कान पकडते. मला तिखट सोसतं हो, त्यांना सोसत नाही.' कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या." डॉक्टर जरा ओशाळला. "आता सांगितलं तर चालेल, असं वाटलं."

"सॉरी काका," मुलगी पुटपुटली. तिने दूध पिऊन टाकलं, पेला स्वतःच्या ओढणीने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. ताटलीत सातवी आणि आठवी मिरची तशीच पडली होती. काकांनी विचारलं, "या नेऊ?" नको कोण म्हणणार?

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मशीनची कुरकुर ऐकली आणि स्वतःच्या हातातलं झाकण एकोणीस वर्षं ऐकू आलं नाही. तिचं सगळं कळतं म्हणे! कळत होतं ते तिला.

त्यांनी सातवी मिरची देठापर्यंत चावून खाल्ली. क्षणभर काहीच झालं नाही. मग जीभ, घसा, कान, डोकं सगळं पेटलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तिला शेवटचा निरोप देतानाही इतकं पाणी आलं नव्हतं. दूध फ्रीजमध्ये होतं, चार पावलांवर. ते उठले नाहीत. पाठीमागे काही वाजतंय का, म्हणून सवयीने डोळे मिटून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

मग त्यांनी आपला उजवा कान पकडला आणि तसेच बसून राहिले.