मुल्हेरच्या माचीवरची पेठ

निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात गाडी चालवायला शिकले. शिकवणारा म्हणाला, "मावशी, कॉलनीतल्या कॉलनीत फिरवण्यापुरती येईल." सहाव्या महिन्यात नणंदेला शेजारी बसवून नाशिक रोडहून थेट मुल्हेरला गेले.

माझी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. मोजणीदार शेतांतून हिंडून मापं आणायचे आणि मी टेबलावर वाकून ती कागदावर उतरवायची. वाट कुठे वळते, ओढा कुणाच्या बांधाला लागतो, गावठाण कुठे संपतं, हे मला शेकडो गावांचं माहीत होतं. त्यातली प्रत्यक्ष पाहिलेली मात्र जेमतेम पाच-सात. नणंदेचं उलट. ती शाळेत इतिहास शिकवायची. मुल्हेरचा किल्ला, म्हणजे बागलाणच्या राजांची डोंगरावरची राजधानी, तिथली देवळं, तळी, राजवाडा, यावर ती वर्गात तासचे तास बोलली असेल. पण स्वतः कधी वर गेली नव्हती. सुट्टीत नेमकी मुलांची आजारपणं निघायची, नाहीतर माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणायचा. त्याला डोंगर लांबूनच आवडतात.

आम्ही दोघी एका वयाच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती मला "वहिनी, तुम्ही" म्हणते आणि मी तिला "ताई, तुम्ही". भांडण कधी झालं नाही. फार जवळीकही झाली नाही. सणाला भेटायचं, एकमेकींना डबे भरून द्यायचे, इतकंच.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सटाण्याला चहा-भजी खाल्ली आणि ताहाराबादवरून वळलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, अंगणात वाळत घातलेला मका, वाफ्यांत कांद्याची लागण करणाऱ्या बायका. समोर डोंगर. ताई काच खाली करून मान बाहेर काढून बघू लागली. मुल्हेर गावात एका दुकानाच्या बाजूला गाडी लावली, दोन बाटल्या पाणी घेतलं आणि चढायला लागलो.

बालेकिल्ल्यावर जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. आमचा मुक्काम माचीपर्यंत. माची म्हणजे डोंगराच्या कमरेवरची रुंद सपाटी. कधीकाळी इथे अख्खं शहर नांदत होतं. आता तळ्याकाठी गणपतीचं देऊळ, पलीकडे महादेवाचं, आणि बाकी सगळीकडे कमरेएवढं वाळकं गवत. गवतातून मध्येच एखादा दगडी चौथरा डोकं काढतो. ताई देवळाच्या खांबांवरून हात फिरवत होती. तिला काय वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मी मात्र चौथरे बघत फिरले. आणि फिरता फिरता माझ्या लक्षात आलं की हे चौथरे कसेही विखुरलेले नाहीत. दोन रांगा आहेत, समोरासमोर. मधली मोकळी जागा मी पावलांनी मोजली. दहा पावलं. पुढे जाऊन पुन्हा मोजली. दहाच. एका बाजूने घडीव दगडांची गटार, तिला व्यवस्थित उतार. इतकी वर्षं कागदावर रस्ते काढले होते. जमिनीवरचा ओळखू येणार नाही होय!

"ताई, ही पेठ आहे!" मी ओरडले.

ती गवत बाजूला सारत आली. चारी बाजूंना बघून म्हणाली, "सरदारांच्या वाड्यांचे चौथरे असतील. पेठ खाली गावात होती, वहिनी. मी वाचलंय."

"वाड्यांचे चौथरे इतके अरुंद? आणि सगळे एका मापाचे? ही दुकानं आहेत."

"तुम्ही वाचलंय का कुठे?"

"वाचलं नाही. दिसतंय."

ती जरा रागावली. मीही हटले नाही. तेवढ्यात त्याच मोकळ्या जागेतून पंधरा-वीस शेळ्या खाली आल्या आणि त्यांच्यामागे काठी घेतलेली एक बाई. आमच्याच वयाची असावी. "कोनतं गाव शे माय तुमनं?" तिनं विचारलं. माझ्या आईचं माहेर मालेगावकडचं, त्यामुळे अहिराणी मला बोलता आली नाही तरी कळते. मी नाशिक सांगितलं आणि विचारलं, "बाई, ह्या जागेला काय म्हणता तुम्ही?"

"हाई? हाई बजारपट्टी शे," ती म्हणाली. "मन्ही सासू असंच सांगे."

मी ताईकडे बघितलं नाही. पण हसू मला दाबता आलं नाही आणि ते तिला दिसलं. "बघू तरी किती लांब जाते तुमची पेठ," असं म्हणून ती तरातरा पुढे निघाली. वीसेक पावलं गेली असेल, आणि गवतात दिसेनाशी झाली.

मी धावले. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत दगडांच्या फटीत गेला होता आणि ती एका कुशीवर पडली होती. तोंड पांढरं पडलेलं. "तुमची गटार सापडली, वहिनी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ताई, तू हलू नकोस. माझ्या खांद्याला धर. धर म्हणते ना!"

"तू" कसं तोंडातून गेलं ते मला कळलं नाही. शेळ्यावाल्या बाईनं पाय हलकेच सोडवला, हातानं घोटा चाचपला, पायाची बोटं हलवून बघितली. "हाड मोडेल नही," ती म्हणाली, म्हणजे मोडलेलं नाही. माझी ओढणी तळ्याच्या पाण्यात भिजवून तिनं पायाला अशी घट्ट बांधली की ताईचा श्वास दोन मिनिटांत जागेवर आला.

प्रश्न खाली उतरण्याचा होता. आलो ती वाट उभी, सुट्या दगडांची. एका पायावर ती उतरणं शक्य नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. मी बसून विचार केला. इथे बाजार भरत होता तर माल वर येत असणार. लादलेले बैल त्या दगडांतून चढणार नाहीत. म्हणजे दुसरी वाट असलीच पाहिजे, लांबची पण सावकाश चढणारी, आणि ती पेठेच्या खालच्या टोकाला लागली पाहिजे. मी बाईला विचारलं.

तिनं काठीनं पेठेच्या खालच्या टोकाकडे दाखवलं. "वाट शे, पन आते कोनी जात नही." लग्न होऊन ती त्याच वाटेने वर आली होती, तेव्हा तिच्या सासरच्यांची झोपडी माचीवर होती. नंतर झुडपं वाढली.

"वहिनी, नक्की ना?" ताईनं विचारलं.

"नक्की," मी म्हणाले. वाट असणार याबद्दल शंका नव्हती.

बाईनं शेळ्या देवळापाशी वळवून ठेवल्या आणि काठीनं घाणेरीची झुडपं बाजूला करत ती पुढे झाली. मागे आम्ही दोघी, ताईचा हात माझ्या गळ्यात. ऊन चढलं होतं. काट्यांनी माझे दंड सोलवटले. पण वाट होती! रुंद, डोंगराच्या कडेने वळसे घेत जाणारी, वळणावळणावर दगडी बांध घातलेली. दर वळणाला आम्ही थांबत होतो. एका बांधावर बसल्यावर ताई हात फिरवून म्हणाली, "हे बांधकाम त्याच काळातलं आहे. पुस्तकवाला इथे आलेलाच नाही ग." मग स्वतःच हसली. दुखत असताना तिचं ते हसणं मला फार आवडलं.

साडेतीनला आम्ही एका डाळिंबाच्या बागेत उतरलो. मालक ठिबकच्या नळ्या तपासत होता. तीन बायका डोंगरातून येताना बघून तो उठून उभाच राहिला. "आठून वाट नही शे," तो म्हणाला. इथून वाटच नाही म्हणे. शेळ्यावाल्या बाईनं त्याला खेकसून पिकअप काढायला लावली. आम्ही तिला थांबवून काही म्हणायच्या आत ती आल्या वाटेने परत चढायला लागली होती. शेळ्या वर एकट्या होत्या.

पिकअपनं गावात आमच्या गाडीपाशी आलो आणि ताईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. सटाण्याला डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, शिरा दुखावल्या होत्या. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा नवरा दारातच उभा होता. बहिणीचा पाय बघून माझ्यावरच उखडला. "या वयात तुम्हाला डोंगर सुचतात! आणि अनोळखी झाडीतून खाली उतरायचं कुणी ठरवलं?"

"हिनं ठरवलं," ताई म्हणाली. "आणि बरोबर ठरवलं. आता आत घे मला, आणि चहा टाक. तिला बसू दे."

तो चहा टाकायला गेला. मी चपला काढल्या आणि ताईशेजारी सोफ्यावर बसले.